अखाजीचा मुराळी

आमच्या नंदुरबारकडे अखाजी म्हणजे लेकींचा सण. वैशाखाच्या उन्हात सासरच्या पोरी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ गाडी घेऊन जातो. त्याला मुराळी म्हणतात. मला एकच बहीण, थोरली, आणि तिला मी एकच भाऊ. वडील आधीच गेलेले. म्हणजे मुराळी म्हणून जायचं ते मीच. दुसरं होतंच कोण?

ती सासरी गेली तेव्हा मी सोळाचा होतो. घर असं मुकं झालं की विचारू नका. माय दिवसभर शेतात राबायची, संध्याकाळी दमल्या हातांनी भाकरी टाकायची आणि आम्ही दोघं काही न बोलता जेवायचो. त्या गप्पपणाला वैतागून मी बाजारातल्या टोळक्यात जाऊन बसू लागलो. चार-पाच रिकामटेकडे होते, काठ्या घेऊन हिंडायचे, दुकानदारांवर गुरगुरायचे. पण मी दिसलो की ‘ये रे’ म्हणून सरकून जागा द्यायचे. खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठी मी त्यांचा झालो. पहिल्या मारामारीत मी मागंच उभा राहिलो होतो. तिसऱ्या वेळी मजा वाटली.

मायनं जीव तोडून सांगितलं. एकदा तर माझी काठी उचलून चुलीत घातली. "बजारमा येनारा हरेक मानूस कोना ना कोना सोयरा ऱ्हास," ती म्हणायची. "तुन्ही बहीन तठे नांदी ऱ्हायनी, तिना तरी इचार कर." मी हो हो म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी नवी काठी तोडून आणायचो.

अखाजीच्या तीन दिवस आधीचा बाजार. तापीच्या वाळूतली टरबुजं घेऊन एक गाडीवाला आला होता. आमच्यातल्या एकानं फुकट टरबूज उचललं, त्यानं हात धरला. झालं, काठ्या निघाल्या. तो बिचारा मार चुकवत आपल्या गावाचं नाव सांगत होता. वाटलं असेल, कुणीतरी ओळखीचा निघेल. ते माझ्या बहिणीच्या सासरचं गाव होतं. मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण चौघं माझ्याकडे बघत होते, काठी वर गेलेली होती आणि ती खाली घ्यायची मला लाज वाटली. मनगटावर बसली. चांगला बाप्या माणूस, हात पोटाशी धरून तिथंच मातीत बसला आणि रडायला लागला.

मायला मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून बहिणीला आणायला गेलो. म्हटलं, बाजाराच्या गर्दीत कोण कुणाचं तोंड लक्षात ठेवतो? काय अक्कल म्हणायची ही!

गल्ली ओलांडली की बहिणीच्या दारासमोरच त्या टरबूजवाल्याचं घर. तो ओट्यावर बसला होता, मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यानं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बहिणीच्या सासऱ्यांनी मला बसवलं, गूळपाणी दिलं. बाजारातून माझं नाव गावात पोचलं होतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. आवाज न चढवता त्यांनी ते सुनेवरच सोपवलं, म्हणाले, "पाव्हना, सुनलेच इचारा. ती हो म्हनी तं लई जा."

बहीण दाराआड उभी होती. गाठोडं हातात, केस विंचरलेले. बराच वेळ ती कधी माझ्याकडे, कधी गल्लीपलीकडे बघत राहिली. मी मान खाली घालून उंबऱ्याशी उभा. शेवटी तिनं गाठोडं आत नेऊन ठेवलं.

"माले ह्याच गल्लीमा ऱ्हानं शे, भाऊ. तू जाय."

रिकामी गाडी दारात आली तेव्हा माय पुरणपोळीसाठी चुलीवर खापर तापवत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, खापर उतरवलं आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली. टोळकं मी सोडलं. ते सोडल्यावर मला हाक मारणारं गावात कुणी उरलं नाही. चांगले लोक मला भ्यायचे, वाईट हसायचे. फार एकटा पडलो मी. माय आणखी दोन अखाज्या जगली. दोन्ही वेळा तिनं मला गाडी जुंपायला सांगितलं नाही.

माय गेली तेव्हा बहीण आली, सासऱ्यांच्या गाडीतून. दिवस झाल्यावर निघाली. मी वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत गेलो. न राहवून विचारलं, इतका राग? मायसाठी तरी यायचं होतंस.

"राग नव्हता रे," ती म्हणाली. "तू समोरना वट्टावर जाशी, त्याना पाय धरशी, म्हनीसन मी वाट दखी ऱ्हायनी व्हती. गाठोडं हातमाच व्हतं. तू उंबरापासून हालनाच नही."

तो ओटा वीस पावलांवर होता. खरं सांगतो, मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नव्हतं.