थोरल्या पातीचा मान

आमच्या भावकीला पूर्वजांचा पुळका येतो तो काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं तेव्हाच. एरवी पणजोबांचं नाव विचारलं तर निम्मे जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

गेल्या वर्षी असा पुळका माझ्या चुलतभावाला आला. आमच्या गावात बेंदराला, बैलांच्या सणाला, वेशीत पिंपळपानांची दोरी बांधतात, तिला कर म्हणतात. ती तोडायला पहिली बैलजोडी सोडायचा मान आमच्यातल्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या घराचा. थोरले चुलते वारले तरी थोरल्या आईनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, बैल विकले नाहीत. तिला मूलबाळ नाही. सगळी भावकी ट्रॅक्टरवर गेली, ही मात्र पहाटे उठून शेण काढायची, वैरण घालायची, आणि बेंदराला नवं लुगडं नेसून जोडीमागून वेशीपर्यंत चालायची. वर्षातला तेवढा एकच दिवस गाव तिच्याकडे बघायचं.

तेही भावाच्या डोळ्यांत खुपलं. थोरल्यांचा वंश बुडाला, आता मान मधल्या पातीचा, म्हणजे त्याचा, असं त्याचं म्हणणं. नुसतं बोलून कोण ऐकणार? म्हणून सुगी झाल्यावर त्यानं हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे पिढ्यान् पिढ्या आमच्यासारख्यांच्या वंशावळी सांभाळणारे. पूर्वी ते बैलावर बसून यायचे. हा भावानं पाठवलेल्या मोटारीतून आला.

चार वडीलधारी मंडळी जमवून चोपडी उघडली. हेळव्यानं सुरात बाप, बापाचा बाप करत नावं घेतली आणि थोरल्या चुलत्यांपाशी थांबला.

"हितं वंश थांबला."

थोरली आई त्याला द्यायला सुपात जोंधळे घेऊन उभी होती. म्हणाली, "मी हाय की अजून. माझं नाव कुठं हाय?"

"बायकांची नावं चोपडीत घालत न्हाईत, आक्का."

माझंही नव्हतंच. ज्या वंशावळीत पोरं आईशिवाय आभाळातून पडतात, तिच्यात नसल्याचं मला काडीचं दुःख नाही. पण थोरल्या आईचं तोंड एवढंसं झालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलायला लागले तर भाऊ म्हणाला, "ताई, तू दिल्या घरची. तुला ह्यातलं काय कळतंय?" वडीलधाऱ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. थोरल्या आईनं जोंधळे हेळव्याच्या पिशवीत ओतले.

बेंदराआधी गावात फ्लेक्स लागला. वर भावाचा फेटा बांधलेला फोटो, खाली वंशावळ. एवढी जय्यत तयारी झाल्यावर आदल्या दिवशी महाशयांच्या ध्यानात आलं, की आपल्या दारात बैलच नाहीत.

आला गोठ्यात. मी थोरल्या आईबरोबर शिंगं रंगवत होते.

"उद्यापुरती जोडी दे की, थोरली आई. मान घराण्याचाच हाय न्हवं?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "चोपडीत बघ की बाबा. गावंल एखादी."

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टरवर झूल टाकली आणि दोरी तोडली. ह्या पराक्रमाला लोकांनी हलगीही वाजवली. थोरली आई नवं लुगडं नेसून गोठ्यातच बसली होती, जोडीला पुरणपोळी चारत. हलगी ऐकून बैल उठले, वेशीकडे ओढ घ्यायला लागले. तिनं दोघांची दावी धरली.

"बसा रं," ती म्हणाली, "आता आपलं न्हाय त्ये."