जित्या रानगव्याचं नाव

धरणगावच्या नथ्थू आबांचा स्वभावच संशयी. दुधात पाणी आहे का हे बघायला ते म्हशीपाशी जाऊन उभे राहत, आणि म्हैसही त्यांच्याकडे तशाच नजरेनं बघे. विश्वास एकावरच, अंगणातल्या जुन्या ‘रानगवा’ जीपवर. नवऱ्या, आजारी माणसं, कापसाची बोचकी, सगळं त्यांनी तिच्यातून वाहिलं. कंपनीनं ही गाडी बंद करूनही जमाना झाला होता.

आणि आता त्याच नावाची नवी विजेवरची गाडी निघाली. मुलाला, नीलेशला, ती हवी होती. जुनी जीप बदल्यात देऊन. आबांचा होकार तेवढा अडला होता.

जळगावच्या शोरूमचा चंदन गाडी दाखवायला घरी घेऊन आला. गाडी अंगणात शिरली तरी कोंबडीसुद्धा उठली नाही.

“चोरपावलानी येस ही,” आबा पुटपुटले. “बॉनेट उघड.”

चंदननं उघडलं. आत स्वच्छ रिकामा खण.

“इंजिन कोठे शे?”

“आबा, इंजिन नसतंच. इथे सामान ठेवायचं.”

आबांनी नीलेशकडे पाहिलं. “दख! येवाना पहिलेच इंजिन काढी लिधं!”

आबांची बायको झुंबरबाई ओसरीवरून म्हणाल्या, “तुमनं डोकं उघडं तरी असंच दिसी.”

आबांचा खरा राग मात्र वेगळाच होता. त्यांच्या घरात म्हातारा बैल दावणीला असेतो त्याचं नाव गोऱ्ह्याला देत नसत. ते चंदनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. “मन्हा रानगवा मरी गया, असं कोनी सांगं तुमले?”

चंदनला शोरूममध्ये बरंच शिकवलं होतं, पण हे नव्हतं.

मग आबांनी बैलबाजारातली परीक्षा काढली. बैल घेताना चाकं बांधलेली गाडी ओढायला लावतात. त्यांनी जुन्या जीपला गिअर घातला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि दोर नव्या गाडीला बांधला. “ओढी दखाड!”

नव्या गाडीनं हूं की चूं केलं नाही. दोर ताठ झाला. दगड लोळले. जीपची चाकं न फिरता मातीत चरे पाडत घसरू लागली. नीलेश टाळ्या वाजवू लागला.

“बस! बस कर रे!” आबा ओरडत मधे धावले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. परीक्षा नव्या गाडीची होती, फरफट भलत्याचीच झाली.

“ताकद शे,” ते शेवटी म्हणाले. “नवी गाडी लई ले. पण मन्हा रानगवा देवाव नही. आनि हाई नाव काढ.”

“नाव काढलं तर वॉरंटीचा प्रश्न येईल, आबा,” चंदन म्हणाला.

“म्हंजे बठ्ठी ताकद नावमाच भरेल शे का?” आबांचा संशय पुन्हा जागा झाला.

गाडी घरी आली त्या दिवशी झुंबरबाईंनी पूजा केली आणि हळदकुंकवाचा असा जाड थर दिला की नाव पार बुजलं. वॉरंटी शाबूत राहिली.

“मग हिले काय म्हनाव?” त्यांनी विचारलं.

“काही नही,” आबा म्हणाले. “पहिले एक हंगाम काम करू दे.”