पाठीतून उघडे शर्ट

दत्ताराम आरशासमोर उभा होता आणि त्याला हात वर करता येत नव्हते.

"मॅडम, हात वर जायनत," तो म्हणाला.

"थोडे पुढे घे."

त्याने हात पुढे घेतले. ते छातीकडे वळले आणि तिथेच राहिले. त्याने खाली सोडायचा प्रयत्न केला, तर बाही खांद्यात ओढली गेली. मी मागे गेले. शर्ट पाठीतून मानेपासून खालपर्यंत उघडा होता. आम्ही तो पिना लावून धरला होता. पुढे बटणं होती, पण काजं नव्हती. बटणं नुसती कापडावर शिवलेली.

"काढ तो," मी म्हटलं. मापं चुकली असणार असं मला वाटलं.

मापं बरोबर होती. मी तीनदा टेप लावली.

ओमानच्या रुसैल इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गारमेंट फॅक्टरीत मी क्वालिटी कंट्रोलला होते. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मूळची मी इचलकरंजीची, टेक्स्टाईलचा डिप्लोमा. नवरा मस्कतमध्ये नोकरीला, घर वादी कबीरला, आणि रोज सकाळी कंपनीची बस मला रुसैलला नेई. दत्ताराम आमचा सॅम्पल टेलर. म्हणजे ऑर्डरचा पहिला नग शिवणारा. तो कुडाळकडचा. नग शिवून झाला की तोच अंगात घालून दाखवायचा, कारण पुतळ्यावर सगळंच नीट बसतं.

ऑर्डर पोलंडची होती. तो बायर आम्हाला नवा नव्हता. वर्षभर आम्ही त्यांचे एप्रन शिवत होतो. त्यांच्या हलिना नावाच्या इन्स्पेक्टरबाई पहिल्या वेळी आल्या, तेव्हा दोऱ्या-कापडाच्या शब्दांची एक यादी देऊन गेल्या होत्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोलिश. मी त्यात तिसरा रकाना मराठीचा केला आणि हलिनाबाईंकडून उच्चार लिहून घेतले. वार्प म्हणजे ओस्नोवा, आपला ताणा. वेफ्ट म्हणजे वोन्तेक, आपला बाणा. शिवणीला शेफ. दोऱ्याला नीच. या शेवटच्या शब्दावर फ्लोअरवर आठवडाभर हसणं चाललं होतं. दोरा तुटला की कुणीतरी हिंदीत ओरडायचं, "नीच टूट गया."

ही नवी ऑर्डर मात्र दुबईच्या एजंटमार्फत आली. स्पेक शीट फॅक्सने आली. स्पेक शीट म्हणजे कपड्याची कुंडलीच. मापं, कापड, टाका, दोरा, टेस्ट, सगळं त्यात असतं. दत्तारामच्या अंगावरून शर्ट उतरवल्यावर मी यादी शेजारी ठेवून ती पुन्हा ओळीओळीने वाचायला बसले.

पांढरे पुरुषांचे शर्ट आणि बायकांचे लांब गाऊन. स्मॉल, मीडियम, लार्ज काही नाही, फक्त दोन लांब्या. दोरा शुद्ध सुती, पॉलिएस्टर मुळीच नको. बटणं लाकडाची, कापडाने मढवलेली. पाठीच्या उघड्या कडांना फास्त्रिगा. यादीत होता तो शब्द. म्हणजे कच्चा टाका, नंतर उसवून टाकायचा असतो तो. इथे तो तसाच ठेवायचा होता.

मग टेस्टचा कागद. कपडा धुतल्यावर किती आटतो? लागू नाही. घामाने रंग जातो का? लागू नाही. शिवण किती ओढ सोसते? लागू नाही. वॉश केअर लेबल, म्हणजे धुण्याच्या सूचनांची पट्टी, नको. इतक्या वर्षांत असा कागद माझ्या हातात आला नव्हता. मी जे जे तपासण्यासाठी पगार घेत होते, ते सगळं कुणीतरी शांतपणे खोडून टाकलं होतं.

शीटच्या माथ्यावर तीन शब्द होते. ओजेश दो त्रुम्नी. ओजेश म्हणजे कपडे, एवढं यादीत होतं. त्रुम्नीसारखं काही नव्हतं.

मी एजंटला फॅक्स केला. या शब्दाचा अर्थ काय? उत्तर एका ओळीचं आलं. प्रॉडक्शनसाठी त्याची गरज नाही, काम सुरू करा.

मी तो कागद घेऊन आमचे प्रॉडक्शन मॅनेजर नायर सर यांच्याकडे गेले.

"पेशंटचे कपडे असतील," ते म्हणाले. "हॉस्पिटल गाऊन पण मागून उघडे असतात."

"हॉस्पिटलचे कपडे रोज धुतात, सर. इथे धुण्याची टेस्टच नाही."

"शर्ट इज शर्ट. यल्ला, चला, कटिंगला द्या."

कटिंगला इब्राहीमचाचा होते. रत्नागिरीकडचे, साठीच्या जवळ आलेले. कापडाचे थरावर थर रचून एकदम कापायचं काम त्यांचं. त्यांनी पॅटर्नचे पुठ्ठे टेबलावर मांडले आणि बराच वेळ हात लावला नाही. मग बाहीचा पुठ्ठा उचलून शर्टाच्या पुढच्या भागावर आडवा ठेवला.

"ताई, हा उभ्या माणसाचा कपडा नाय."

"म्हणजे?"

"खाली मोकळीक नाय, काखेत मोकळीक नाय. ह्यात बसता येणार नाय, चालता येणार नाय." त्यांनी पुठ्ठा सरळ केला. "माझा अंदाज हाय. पण तुम्ही विचारून घ्या आधी."

मी पुन्हा विचारलं नाही. मला अंदाज आला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. शिपमेंटची तारीख जवळ होती, नायर सरांनी सही केली होती, आणि न विचारता काम पुढे जात होतं. मी ते जाऊ दिलं.

पहिला लॉट शिवून झाला आणि फिनिशिंगच्या दांड्यांवर लटकला. भर दुपार होती. छपराच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून पांढरा उजेड येत होता. एसीच्या वाऱ्याने शर्ट हलत होते. बाह्या पुढच्या बाजूला जोडलेल्या असल्यामुळे एकही बाही खाली लोंबत नव्हती. शंभराच्या वर शर्ट, सगळ्यांचे हात किंचित पुढे. त्या रांगेतून जाताना बायका अंग चोरून जाऊ लागल्या. मशीनवरची गाणी बंद झाली होती, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

दत्ताराम त्याच आठवड्यात तापाने पडला. नेहमीचा ताप असेल. पण फ्लोअरवर बातमी फिरली की शर्ट त्याने अंगात घातला होता. आणि घालायला मी सांगितलं होतं.

हलिनाबाई पहिल्या लॉटच्या इन्स्पेक्शनला आल्या तेव्हा जेवणाची सुट्टी संपून लाईन सुरू झाली होती. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, इंग्रजी मोजकंच. त्यांनी फ्लोअरच्या मधलं मोठं टेबल रिकामं करायला सांगितलं. एक शर्ट घेतला आणि उताणा अंथरला. पाठीचे दोन्ही पदर बाजूला दाबून नीट खाली सारले. कॉलर सरळ केली. मग एक बाही उचलून छातीवर ठेवली. दुसरी तिच्यावर. आणि कफ जिथे एकमेकांवर आले, तिथे आपला तळवा क्षणभर ठेवला.

टेबलाजवळची मशीन थांबली. मग तिच्यामागची. मग सगळी लाईन. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एसीच्या घरघरीशिवाय आवाज उरला नाही.

मी शीट त्यांच्यापुढे धरली आणि तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम हलिना, हे काय?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. एजंटने सांगितलं असेल असंच त्या धरून चालल्या होत्या. इंग्रजी शब्द त्यांना आठवेना. त्यांनी दोन्ही हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

"फॉर द बॉक्स," त्या म्हणाल्या. "लास्ट शर्ट."

मला सुती दोऱ्याचा अर्थ तेव्हा कळला. पॉलिएस्टर मातीत कुजत नाही. आणि ताठरलेल्या माणसाला शर्ट पुढूनच चढवावा लागतो.

लाईनमधल्या निम्म्या बायका उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नायर सर बाहेर आले. "हात नाही लावणार," एका बाईने त्यांना हिंदीत सांगितलं. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना का सांगितलं?"

"मी नाही सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, तेच केलं नाही."

इब्राहीमचाचा कटिंगमधून आले. मस्कतमध्ये आपल्या गावाकडचं कुणी वारलं की मयताला आंघोळ घालायला त्यांना बोलावत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी टेबलावरचा शर्ट पाहिला, पण बोलले ते नायर सरांशी.

"साहेब, जबरदस्ती नको. ज्याची मर्जी असेल तो करेल. मी कापतो बाकीचा. आमच्यात कफन शिवत नाय, ह्यांच्यात शिवतात. कुणीतरी करायलाच लागतं."

तसंच ठरलं. ज्यांना नको त्यांना एप्रनच्या लाईनवर पाठवलं. उरले थोडेच. रेडिओ लावायचा नाही, हे त्यांनीच ठरवलं.

संध्याकाळी मी कंपनीच्या कॅम्पवर दत्तारामला भेटायला गेले. त्याला बातमी पोचली होती. तो पलंगावर उठून बसला.

"मी चुकले," मी म्हटलं. "तुला घालायला द्यायच्या आधी विचारायला हवं होतं."



"आरशात मी माका दिसलंच नाय, मॅडम," तो म्हणाला. "बापूस दिसलो. तो गेलो तेव्हा माका रजा गावली नाय. कोणी काय घातल्यानी त्याका, माका म्हायत नाय."

त्याच्या खोलीतल्या माणसाने चहा आणला. आम्ही तो प्यायलो.

दोन दिवसांनी तो कामावर आला आणि पाठीचा कच्चा टाका मागून घेतला. तो हाताने घालावा लागे, मशीनने फार घट्ट बसतो. तो खिडकीपाशी बसून एकेक पाठ करत होता. कुणी बोलायला गेलं तर मान हलवायचा, सुई थांबवायचा नाही. हलिनाबाईंनी त्याचं काम उजेडात धरून पाहिलं आणि एकही नग परत दिला नाही.

नायर सरांनी आर्बाबना, म्हणजे फॅक्टरीच्या मालकांना, कळवलं की पुढे असली ऑर्डर घ्यायची तर मजुरांना आधी विचारूनच. आर्बाब म्हणाले, "इन्शाल्ला," आणि तसली ऑर्डर पुन्हा घेतलीच नाही. शिपमेंट वेळेत गेली.

एक्स्पोर्टच्या धंद्यात तक्रार नाही अशी शिपमेंट मी पाहिली नव्हती. कॉलर टोचते, बाही आखूड, बटण निघालं, रंग गेला. एप्रनचीसुद्धा पत्रं यायची आणि त्यांना उत्तरं लिहायचं काम माझंच होतं. या मालाची फाईल मी दोन वर्षं उघडी ठेवली. एकही पत्र आलं नाही.

त्यानंतर कुठल्याही ऑर्डरचा पहिला नग शिवायला देण्याआधी मी एकच प्रश्न लेखी विचारते: हे घालणार कोण? उत्तर येईपर्यंत कापडाला कात्री लागू देत नाही. यामुळे माझ्या ऑर्डरी दोन दिवस उशिरा सुरू होतात, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे.