सुताची धूळ

काल मुलीच्या लॅपटॉपमधून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी वीस वर्षं मागे, वडगावच्या आमच्या घरात जाऊन बसलो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर घरातल्याच पॉवरलूमवर साड्या विणत आले. विमानात कधी बसले नव्हते. म्हणून मी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ टाकला होता. आमच्या जवळच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर त्यांना एकदा उतरवायचं होतं. पण धावपट्टी दिसू लागली की पडदा गोठायचा. मी कॉम्प्युटर शिकलेला शहाणा! ड्रायव्हर बदलले, सगळी सिस्टिम दोनदा नव्यानं टाकली. विमान आपलं हवेतच.

"त्याला वारं न्हाय रं मिळत," आप्पा खोकत म्हणाले. "डबा उघड."

"आप्पा, ह्यो माग न्हवं, सॉफ्टवेअर हाय."

"व्हय? मग ते बी उघड की!"

उघडलं. आतला पंखा सुताच्या धुळीनं गच्च भरला होता. वर मीच, धूळ बसू नये म्हणून, चालू कॉम्प्युटरवर साडीचा तुकडा टाकत होतो. घरातल्या साऱ्याच वस्तू आम्ही तशा झाकायचो. आप्पांनी माग झाडायच्या ब्रशानं पंखा हळुवार साफ केला.

त्या दुपारी विमान उतरलं. आप्पा लहान पोरासारखे हसले आणि हसता हसता खोकल्यानं वाकले. त्यांच्या छातीतही तीच धूळ साचली होती, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या दुपारी मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच विमान पुन्हा उडवलं.