घरमालकिणीचं सुतक

साठच्या दशकात लेस्टरला आम्ही वरच्या खोल्यांत भाड्याने राहायचो, खाली घरमालकीण एकटीच. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाहिलं तर ती काळे कपडे घालून एका माणसाच्या चित्रापुढे पांढरे गुलाब ठेवत होती, डोळे लाल. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात करून नेला.

“इथे जवळच मारलं त्याला,” ती म्हणाली. “वर त्याच्यावरच पुतण्यांच्या खुनाचा आळ घेतला.”

असल्या घरात राहतोय आपण?

“मारणारे सापडले का?”

“राजा होता तो. पाचशे वर्षं होत आली.”

माझा जीव भांड्यात पडला. बाई, हे आधी सांगायचं ना.

पिठलं मात्र मी परत नेलं नाही. पानिपताचा विषय निघाला की माझ्या वडिलांनाही जेवण जात नसे.