चैत्रगौर आणि मोरीचा वास

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत शांताताईंचं घर शोधायचं असेल, तर कुठल्याही मराठी बाईला विचारावं. ती आधी त्यांच्या आंब्याच्या डाळीची आठवण काढील आणि मग बोट दाखवील. लग्न होऊन आल्यापासून चैत्रगौरीचं हळदीकुंकू शांताताईंच्याच माजघरात. कैऱ्या किसायला बसल्या की बाई नुसत्या राणी!

यंदा मात्र राणीच्या राज्यात वास सुटला. वास म्हणजे काय वास! ताटावर बसलेला माणूस घास हातात धरून इकडेतिकडे बघायचा.

धाकटी जाऊ निवेदिता नव्या फ्लॅटमध्ये राहायची. ती येऊन उंबऱ्यातच थबकली. "ताई, राग मानू नका, पण बायका नाकाला पदर लावून बसतील. यंदा गौर माझ्याकडे बसवू. एसी पण आहे."

"गौरीला एसी कशाला गं? माहेरपणाला आलीय ती, दवाखान्यात नाही."

बोलताना बोलून गेल्या, पण जाऊ गेल्यावर त्यांना एकच घोर लागला. एकदा गौर फ्लॅटवर गेली की पुन्हा इकडे कशाला येते?

संशय सगळा कपडे धुण्याच्या मशीनवर. ते हिवाळ्यात आलं आणि उन्हाळ्यात वास आला. शांताताईंच्या यजमानांनी, सदाशिवरावांनी, मशीनच्या मोरीवर चढाईच केली. जाळी काढली, आतून मांजराच्या पिल्लाएवढा सुताचा बोळा ओढला, "ये देखो, मिल गया चोर!" म्हणून तो अंगणभर मिरवला. सोडा ओतला, कढत पाणी ओतलं. मोरी लख्ख झाली. वास होता तिथेच होता.

"आता फरशीच उखडतो," ते म्हणाले.

"उखडा, उखडा! आणि गौर बसवा मग ढिगाऱ्यावर!"

चिडून शांताताई देवघरात गेल्या. शेजारी एक छोटी मोरी होती. ती फक्त सोवळ्याच्या धुण्याची. सदाशिवरावांचं पूजेचं धोतर शांताताई अंघोळ करून तिथेच धूत. खरकटं सोडाच, साधं हात धुतलेलं पाणीही तिथे पडायची बिशाद नव्हती. दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी खाली बसून धुणं बंद केलं, म्हणून सदाशिवराव रेशमी कद नेसून पूजा करू लागले. रेशीम काही रोज धुवावं लागत नाही. मोरीला सुट्टी!

त्यांनी उदबत्ती लावली आणि बाहेरच्या वासावर उतारा म्हणून या मोरीच्या कठड्यावर ठेवली. धूर सरळ वर जाईना. जाळीतून कोणी फुंकर मारावी तसा तो एकाएकी बाजूला उडाला.

"अहो! अहो, लवकर या! बॅटरी घेऊन या!"

सदाशिवराव धापा टाकत आले. शांताताईंनी आधी मशीनच्या मोरीत उजेड टाकायला लावला. आत खोल पाणी चमकलं. मग या मोरीत. धूळ, कोळ्याचं जाळं आणि कोरडं ठणठणीत!

"आलं का लक्षात? जाळीखालच्या नळीच्या वळणात पाणी साचून असतं, तेच गटाराच्या वासाला अडवतं. इथलं आटलं, दार सताड उघडं! आपण चोर शोधला तिकडे आणि वास येतोय आपल्या सोवळ्यातून!"

सदाशिवराव मशीनमधलं निथळलेलं पाणी घेऊन धावले.

"खबरदार! सोवळ्याच्या मोरीत मशीनचं पाणी?"

"अगं, वासापुढे कसलं सोवळं!"

"वास पाण्याने जाईल, पण तुमचा धसमुसळेपणा कशाने जाणार?"

त्या पुन्हा अंघोळ करून आल्या. नळाखाली कळशी भरली आणि मोरीत ओतली. मोरी गटगट प्यायली. दुसरी कळशी ओतली, तेव्हा खाली पाणी ठरलं. ग्वाल्हेरच्या उन्हाने ते पुन्हा चटकन आटू नये म्हणून वर चमचाभर गोडेतेल सोडलं. उदबत्तीचा धूर आता शहाण्या मुलासारखा सरळ छताकडे निघाला. शांताताईंनी टाळीच वाजवली, गुडघे विसरून!

संध्याकाळपर्यंत घर निवळलं. त्यांनी निवेदिताला फोन लावला. "ये, नाक घेऊन ये!"

ती आली. माजघर, मशीन, देवघर, सगळीकडे हुंगत फिरली. शेवटी कठड्याशी वाकली. "कमाल है! ताई, खरंच काही नाही. पण रोज पाणी कोण घालणार?"

"मी. रोज अंघोळीनंतर एक तांब्या. वाकायचंसुद्धा नाही."

"मग गौर इथेच?"

"नाही तर काय, एसीत?"

हळदीकुंकवाच्या दिवशी माजघर गच्च भरलं. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि बांगड्यांचा कल्ला. जागा पुरेना, तशी निवेदिताने आपला पाट सरळ देवघराच्या दाराशी, त्या मोरीला लागूनच मांडला आणि पन्ह्याचा दुसरा पेला मागितला.