यादी लागण्याआधी

मलकपेठला आमच्या समोर राहणारे गृहस्थ सरकारी कचेरीत होते. बोलण्याआधी ते चष्मा पुसायचे आणि कशालाही "हौ, बघू" म्हणायचे. तेलुगू राज्याची वाटणी होऊन दोन राज्यं झाली, तेव्हा कोणता कर्मचारी कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या त्यांच्या टेबलावर आल्या.

त्याच सुमारास एका रविवारी दुपारी आम्ही एक जुना इंग्रजी सिनेमा बघायला गेलो. त्यात माणसांना नावं नसतात, नुसते नंबर असतात. कॉलेजात असताना त्यांनी तो नामपल्लीच्या थिएटरात तीनदा पाहिला होता, पळून जाणाऱ्या नायकासाठी शिट्ट्या मारत. या वेळी ते बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यात नंबरांवर शिक्के मारणारा एक कारकून होता. तेव्हा मला तो दिसलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी यादी लागायची होती. सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर ते यादीतल्या एकेकाला घरून फोन करत होते. तेलुगूत सांगत होते, "अम्मा, तुमचं नाव तिकडे गेलंय. भिंतीवर वाचण्याआधी माझ्याकडून ऐका."

यादी बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. पण पलीकडची बाई रडायची थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.